साहेबांवर राज्य

ऑफिसच्या सहलीत लपंडावाचं पहिलं राज्य साहेबांवर आलं. त्यांना फार शोधावं लागू नये म्हणून चाफेकरबाईंनी झाडाआडून पदर बाहेर ठेवला, सोनवलकर मुद्दाम खोकले. एकेक जण हसत हसत सापडत गेला.

खरोखर लपले होते मी एकटीच, पाण्याच्या टाकीमागे. नोकरी अजून कायम झाली नव्हती, पण छातीत धडधडत होतं ते सातवीतल्यासारखं. साहेबांनी पाठ फिरवताच मी धावत सुटले आणि दोन्ही हातांनी दणदणीत धप्पा दिला.

सोनवलकर पुटपुटले, "गेली हिची नोकरी."

साहेब वळले. डोळे लकाकत होते. "म्हणजे राज्य परत माझ्यावरच?" म्हणत ते भिंतीकडे तोंड करून दहा-वीस-तीस मोजू लागले.

या वेळी ना कुठे पदर दिसला, ना खोकला ऐकू आला.