समोरची इमारत

नव्या इमारतीबद्दलच्या जाहीर सुनावणीत मुलाने बापाचे पुढचे दोन दात पाडले. तसं काही घडलंच नाही, असं बापाचं म्हणणं. दात आधीपासूनच हलत होते.

बाप माइकवर एवढंच म्हणाला होता की, समोरच्या प्लॉटवर चौदा मजले उभे राहिले तर आपल्या बाल्कनीतलं ऊन जाईल, तेव्हा तिथे एक वीटही लागू देणार नाही. तेवढ्यावरून मुलगा ताडकन उठला.

"बाबा, त्याच इमारतीत मला स्वस्तातलं घर लागलंय. लग्न झाल्यापासून तुमची सून फ्रिज आणि ओट्याच्या मधे झोपते."

"मग काय, गारव्याला झोपते की."

त्यानंतर माइक, खुर्ची, पाण्याचा जग, हाताला लागेल ते दोघांनी एकमेकांच्या डोक्यात घातलं. शिपायांनी ओढून बाजूला केलं तेव्हा मुलाची भुवई फाटली होती.

"आणखी काही म्हणणं?" अधिकाऱ्याने टेबलाखालून बाहेर येत विचारलं.

बापाने तोंडावरचा रुमाल काढून माइकवरचं रक्त पुसलं.

 

"माझ्या मुलाला याच गल्लीत, त्याला परवडेल असं, पण आमच्या बाल्कनीतून दिसणार नाही अशा इमारतीतलं घर तातडीने देण्यात यावं, ही नम्र विनंती."