ऑर्किडचं पाणी

नर्सरीवाल्या धम्मपालनं कुंडी उलटी करून बुडाला दोन थापा मारल्या. झाड मुळांसकट त्याच्या हातात आलं आणि मागोमाग तपकिरी पाणी टेबलावर पसरलं. समोर स्टुलावर बसलेल्या विजयश्रीनं टेबलावरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"किती दिवस झाले फुलं जाऊन?"

"शेवटचं मार्चमध्ये गळलं. आठ महिने झाले."

"लोक फुलं गळली की टाकून देतात ऑर्किड. तुम्ही ठेवलंत." त्यानं एक मूळ चिमटीत धरून दाबलं. वरची साल सुटून आली, आत दोऱ्यासारखं काहीतरी उरलं. "पण बुडवलंय ताई तुम्ही ह्याला."

रविवार असूनही मोशीच्या रस्त्यानं चाकणकडं जाणारे कंटेनर चालूच होते. एक गेला की नर्सरीची हिरवी जाळी हलायची आणि आवाज विरेपर्यंत धम्मपाल बोलायचा थांबायचा.

"परत फुलेल ना?" विजयश्रीनं विचारलं. "ह्यांनी आणलं होतं, लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा. नाहीतर ते कधी काही आणत नाहीत."

"पाणी किती घालता?"

"एक वाटी. रोज सकाळी साडेसहाला, कामावर निघायच्या आधी."

"रोज? आठवड्यातनं एकदा बास होतं. झाडाला धरून वाढणारी जात ही, हिच्या मुळांना हवा लागते." त्यानं आणखी एक मूळ दाबून पाहिलं. "पण एका वाटीनं एवढं नाही कुजत. दुसरं कोण घालतं?"

"कोणी नाही. दोघंच असतो घरी. आणि ह्यांचं तिकडं लक्षही नसतं. फुलं होती तेव्हासुद्धा कधी काही बोलले नाहीत."

धम्मपालनं मुळांना चिकटलेला काळा चुरा नखानं खरवडला, वास घेतला आणि बोट तिच्यासमोर धरलं.

"चहाचा चोथा आहे."

ती वाकून बघू लागली. नारळाच्या सालींचे तुकडे कुणीतरी उचलून परत नीट लावल्यासारखे होते. त्यांच्याखाली बोटभर जाडीचा थर होता. खालचा भिजून चिखल झाला होता. वरच्यात आल्याचे धागे ओळखू येत होते.

"गुलाबाला चालतो, धुऊन घातला तर. ह्याला नाही चालत. आणि हा एका दिवसाचा नाही, रोजचा आहे. तुम्हीच घालत असाल बघा, आठवा."

"मी चहा घेत नाही," विजयश्री म्हणाली. "पित्त होतं मला."

धम्मपाल बोलायचा थांबला. रस्त्यावर तेव्हा एकही कंटेनर नव्हता.

"हे दहाला उठतात," थोड्या वेळानं ती म्हणाली. "उठल्यावर चहा करून घेतात. सेकंड शिफ्ट आहे ना. मी येते तेव्हा ते गेलेले असतात, ते येतात तेव्हा मी झोपलेली."

"आणि सुट्टीला?"

"कंपनीची सुट्टी गुरुवारी. तेव्हा ते आईकडं जातात, खेडला. माझी रविवारी. रविवारी ते ओव्हरटाइम घेतात."

"म्हणजे दोन शिफ्टमध्ये लाड चाललेत झाडाचे." तो हसला. विजयश्री हसली नाही, तसं त्यानं ब्लेड काढलं आणि कुजलेली मुळं एकेक करून कापायला घेतली.

शेवटी तीन मुळं उरली. कापलेल्या जागांवर त्यानं हळद लावली आणि झाड कोळशाच्या तुकड्यांत बसवलं.

"जगेल. आता गारठा पडायला लागला की पानाखालून नवा दांडा येईल. ह्या थंडीत नाही आला तर पुढच्या. पण पाणी एकानंच घालायचं, आठवड्यातनं एकदा. साहेबांना आत्ताच कळवा, हात लावू नका म्हणावं."

तिनं मोबाइल काढला. निरंजनचा शेवटचा मेसेज मंगळवारचा होता: गॅस आला. त्याखाली तिचा: बरं. तिनं लिहिलं, झाडाला पाणी घालू नका. मग ते वाचलं, पुसलं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"हे तुमच्याकडंच ठेवता येईल? दांडा येईपर्यंत?"

"ठेवतो की. पण घरी खिडकीत दिसलं नाही तर साहेब विचारतील."

"त्या जागेवर दुसरं काहीतरी द्या. रोज दोनदा पाणी घातलं तरी चालेल असं." तिनं पर्सची चेन लावली. "आणि चोथासुद्धा."

धम्मपालनं गुलाबांकडं पाहिलं, मनीप्लांटकडं पाहिलं आणि मान हलवली. मग मागच्या नळाकडं बोट केलं.

"असं एकच आहे. अळू. पण ते काय विकायचं नाही, ताई. नळाचं पाणी सांडतं त्यावर आपोआप आलंय. फुलंबिलं काही नाही हां त्याला. वड्या होतील फार तर."

"चालेल."

त्यानं मातीच्या गोळ्यासकट एक कंद उपटला आणि काळ्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला. तीन पानं पिशवीबाहेर डोलत होती.

"आज पाणी नको, भिजलेलंच आहे. उद्यापासून घाला."

"साडेसहाला माझं असतं," पिशवी सावरत विजयश्री म्हणाली. "दहाला त्यांचं."