बाहेरची कडी

माळा आवरताना सुनेला जुने फोटो सापडले. एकात शेजारच्या शिंप्याचं घर जळत होतं आणि अख्खी गल्ली हाताची घडी घालून बघत उभी होती. सगळ्यांत पुढे तरुणपणीच्या सासूबाई.

तिने फोटो खोलीत नेऊन त्यांना दाखवला.

“घरात कुणी नव्हतं गं,” सासूबाई म्हणाल्या. “सामान तेवढं गेलं.”

फोटोतल्या खिडकीला बाहेरून कडी होती, आणि ती लावलेली होती.

खिडकी ओळखीची होती. आगीतून वाचली, फुकटात मिळाली, म्हणून सासऱ्यांनी ती याच खोलीला, दुसऱ्या मजल्यावर बसवली होती. उलट्या कडीवरून सून आजवर सुताराला नावं ठेवत आली होती.

“आई, मग कडी कुणी लावली?”

सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. खिडकी हळूहळू मिटत होती.

“मी एकटीच नव्हते,” त्या खिडकीला म्हणाल्या.

बाहेरून कडी सरकली.