अप्पांचा पुढचा दात

“काढूनच टाकू या ना, आजोबा?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“आँ!” अप्पा म्हणाले.

“शाब्बास,” म्हणत बाईंनी त्यांच्या ओठाआड कापसाचा आणखी एक बोळा सारला.

त्या ‘आँ’चा अर्थ ‘नाही’ असा होता. पण तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी असली की ‘हो’ काय आणि ‘नाही’ काय, बाहेर एकसारखंच पडतं. बाईंना सगळे पेशंट ‘आँ’च म्हणत आले होते, आणि सगळ्यांचे दात त्यांनी काढले होते. त्यांचा हातही हलका होता. लोक उरलेल्या दातांनी हसत घरी जायचे.

अप्पांना मात्र हसू येत नव्हतं. वाद्यवृंदात सगळे त्यांना अप्पा म्हणत, आणि तिथे ते उभा जन्म क्लॅरिनेट वाजवत आले होते. क्लॅरिनेटची चोच, म्हणजे फुंकायचं टोक, वरच्या पुढच्या दातांवर टेकवावी लागते. हलत होता तो नेमका तिथलाच दात. नवा बसवता येतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्या मित्राने बसवलाही होता. पण त्याचा सूर काही परत बसला नाही. तो आता तालमीच्या आधी खुर्च्या मांडतो. अप्पांना खुर्च्या मांडायच्या नव्हत्या. बायको गेल्यापासून घरात बोलणारं ते एक वाद्यच उरलं होतं.

घरून निघताना त्यांनी वाक्य घोटून ठेवलं होतं: “डॉक्टरबाई, मी क्लॅरिनेट वाजवतो. दात वाचत असेल तर बघा.” पण बाईंचा कारभार एक घाव दोन तुकडे. अप्पा टेकतात न टेकतात तोच खुर्ची आडवी झाली. त्यांनी तोंड उघडलं ते बोलायला, बाईंना वाटलं सुईसाठी. हात वर केला, तर नर्सने तो थोपटून पुन्हा पोटावर ठेवला. “घाबरायचं नाही, आजोबा.” मान हलवावी, तर तिचा दुसरा हात कपाळावर. डॉक्टरांशी झटापट करणं अप्पांच्या स्वभावात नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

“जागा भरली आहे,” कोपऱ्यातला कॉम्प्युटर बोलला. “आजचा एक्स-रे साठवता येत नाही.”

बाईंनी त्यात नुकताच एक बोलका मदतनीस बसवून घेतला होता. हातात मोजे असले की त्या तोंडानेच त्याला कामं सांगायच्या.

“जुने सगळे पुसून टाक,” बाई पकड निवडत म्हणाल्या.

“पुसले तर परत आणता येणार नाहीत,” मदतनीस म्हणाला. “आत्ता खुर्चीत बसलेल्या पेशंटचाही एक त्यात आहे. पुसू का?”

“हं.”

“‘हं’ म्हणजे होकार, की नुसतं ऐकलंत, ते मला समजलं नाही. जे परत फिरवता येत नाही ते मी अंदाजाने करत नाही. हो की नाही, स्पष्ट सांगा.”

“घ्या! याला साधं ‘हं’ कळत नाही,” बाई म्हणाल्या. नर्स फिसकन हसली. “माणसाला कसं चटकन कळतं. हो ना, आजोबा?”

“आँ!” अप्पा जिवाच्या आकांताने म्हणाले.

पकड ओठापर्यंत आली होती, ती तिथेच राहिली. बाईंनी अप्पांच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे भरले होते. औषधाने जबडा तर केव्हाच बधिर झाला होता, दुखायचं काही कारण नव्हतं.

त्यांनी पकड ट्रेमध्ये ठेवली. नळी काढली, एकेक करून बोळे काढले, खुर्ची सरळ केली.

“आजोबा, हे ‘आँ’ म्हणजे काय?”

“नाही,” अप्पा म्हणाले. ओठ साथ देत नव्हता, तरी त्यांनी शब्द नेटाने बाहेर ढकलले. “मी क्लॅरिनेट वाजवतो. दात हवाय मला.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलंत तेवढ्या वेळा सांगितलं.”

नर्स खिडकीबाहेर बघू लागली. बाईंना लाज वाटली, आणि ती लपवायला तोंडावरचा मास्कही पुरेना.

“तो जुना एक्स-रे दाखव,” त्या कॉम्प्युटरला म्हणाल्या.

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी आली. दाताभोवतीचं हाड झिजलेलं होतं, पण कित्येक वर्षांपूर्वीच्या जुन्या चित्रातही ते तेवढंच झिजलेलं होतं. म्हणजे हा दात आज हलायला लागला नव्हता. इतकी वर्षं तो हलत हलतच जागेवर टिकला होता, आणि त्याच्यावर क्लॅरिनेट वाजत होतं.

“शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून बघता येईल,” बाई सावकाश बोलू लागल्या. इतकं सावकाश बोलताना नर्सने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “टिकेलच असं वचन देत नाही. काही दिवस वाजवणं बंद ठेवावं लागेल. आणि नाहीच टिकला, तर मग काढायचा.”

“एक्स-रे पुसू का, याचं उत्तर राहिलं आहे,” मदतनीस मध्येच म्हणाला.

“नाही. नाही म्हणजे नाही. आणि जरा थांब, मी विचारतेय.” बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “बांधू का, आजोबा?”

अप्पांनी तोंड उघडलं, आणि या वेळी त्यात कोणी काही घातलं नाही.