धापा न टाकता

"बोल," आयला म्हणाली.

तार्मोच्या पायांखाली वाटेवरचा लाकडाचा भुसा दबत होता, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं होती, आणि त्याची बायको आयला शेजारून आरामात पळत त्याच्या तोंडाकडे बघत होती. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पळायला लागलेल्या माणसानं पळावं की बोलावं?

"ढग आलेत," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतात. पुढे?"

पुढे डोंबल! साखर वाढली म्हणून दवाखान्यातल्या नर्सनं पळायला सांगितलं ते ठीक, पण वर नियमही घालून दिला होता. धापा न टाकता बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. फिनिशमध्ये या नियमाचे चारही शब्द 'प'नं सुरू होतात, त्यामुळे त्यांच्या लाहती शहरातल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ असतो. तार्मोलाही पाठ होता. पण जो माणूस एरवीही तोंड उघडत नाही, त्याला आपल्याला बोलता येत नाहीये हे कळणार कसं? आठवडाभर तो मुकाट्यानं उधळल्यासारखा पळला, आणि काल छातीचा भाता होऊन याच वाटेच्या कडेला त्यानं बसकण मारली. त्या धसक्यानं आज आयला सोबत आली होती.

"अरे, काहीही बोल. बसचे थांबे म्हण. जन्मभर बस चालवलीस ना?"

हे मात्र जमण्यासारखं होतं. तार्मोनं सुरुवात केली. रेल्वे स्टेशन. बाजारचौक. वाचनालय. पोहण्याचा तलाव. एकदा गाडी सुरू झाल्यावर तो कशाला थांबतोय? कुठल्या थांब्यावर कुठली म्हातारी चढायची आणि कोणाचा कुत्रा तिकिटाशिवाय बसायचा, तेही तो सांगायला लागला. आयलाला हसू आलं. इतकं तर तो लग्नातही बोलला नव्हता.

"मग शाळा," तार्मो म्हणाला. "मग बेकरी. आणि मग..."

मग त्यांचा स्वतःचा थांबा. तिथून मान वर केली की तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटची बाल्कनी दिसते. सोमवारी तो फ्लॅट विकल्याच्या सह्या व्हायच्या होत्या. एक तरुण जोडपं घेणार होतं, आणि हे दोघं कायमचे राहायला जाणार होते मोक्कीवर, म्हणजे तळ्याकाठच्या त्यांच्या उन्हाळी लाकडी घरात. ज्याला त्याला वाटत होतं, काय नशीब काढलंय या दोघांनी! तार्मो वरवर मान डोलवत होता.

आयलानं पळता पळता त्याच्याकडे बघितलं.

"धाप लागली?"

"नाही."

"मग बोल की."

"मग आपला थांबा," तो म्हणाला. "आयला, मला मोक्कीवर राहायला नाही जायचं."

बोलून गेला खरा. पाय मात्र पळतच राहिले, कारण थांबलं असतं तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. किती हौसेनं तिनं तिथल्यासाठी गमबूट आणले होते, बटाट्याचं बियाणं सांगून ठेवलं होतं! आता तिला काय वाटेल?

शेजारच्या पावलांचा आवाज येईनासा झाला. तो वळला. आयला वाटेत मधोमध उभी होती.

"पुन्हा म्हण."

"नाही जायचं मला. तिथे बस नाही, माणूस नाही. नुसतं तळं. माणसानं तळ्याकडे बघून बघून बघायचं तरी किती?"

"अरे मेल्या!" आयला ओरडली. "मग अख्खा उन्हाळा त्या होडीला रंग कशाला देत बसलास?"

"तू गमबूट आणलेस म्हणून!"

"तू होडी काढलीस म्हणून मी आणले!"

मागून पळत येणारा एक माणूस त्यांना बघून चपापला आणि झाडांमधून लांबचा वळसा घालून निघून गेला.

"म्हणजे तुलाही..." तार्मोला पुढचं विचारायची भीती वाटत होती.

"मला तिथले डास नकोत, विहिरीचं पाणी नको, आणि आता बोलतेच, तिथली ती धुरकट सौना, ते वाफेचं न्हाणीघरही नको. फिनिश बाईनं असं म्हणू नये, कुणाला सांगू नकोस हं."

तार्मोचा जीव भांड्यात पडला. तो शेजारच्या पडलेल्या खोडावर मटकन बसला. आयलाही येऊन टेकली.

"पण फ्लॅट घेणारी ती पोरं?" त्यानं विचारलं.

"सह्या सोमवारी आहेत, आज शनिवार. घरी गेल्या गेल्या फोन करते. हिरमुसतील बिचारी. त्यांना दुसरं घर मिळेल, आपल्याला कुठलं मिळायला?"

तार्मो हसायला लागला. कधी नव्हे तो मोठ्यानं हसत होता. आयलानं कपाळावरचा घाम बाहीला पुसला.

"आणि झोप!" ती म्हणाली. "इतक्या उन्हाळ्यांत त्या घरात मला एक रात्र धड झोप लागली नाही. पातळ पडद्यांतून मेला रात्रभर उन्हाळी उजेड."

तार्मोचं हसू थांबलं.

"मलाही नाही," तो म्हणाला. "मी नुसता पडून असायचो. तुझी झोप मोडेल म्हणून कूससुद्धा बदलायचो नाही."

"आणि मला वाटायचं, हा बघा किती शांत झोपलाय," ती म्हणाली. "म्हणून मीही हलायचे नाही."