माणूस पडला!

निवृत्तीनंतर शिडाच्या होडीतून दोघांनीच लांबच्या सफरीला जायचं, हे नवऱ्याने डोक्यात घेतलं होतं. नवी शिडं चढली, औषधांची पेटी भरली, आणि खाडीत रोज एकच तालीम सुरू झाली. तो पाण्यात उशी भिरकावून ओरडायचा, "माणूस पडला!" बायकोने उशीकडे बोट रोखून उभं राहायचं, होडी वळवून तिथवर न्यायचं काम त्याचं.

"नजर हटवायची नाही हं! लाटांत माणूस एकदा नजरेआड झाला की संपलं."

"अहो, पापणी तरी लवू द्याल की नाही?" ती हसायची.

निघायला आठवडा उरला असताना त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून ती त्याच्या खाटेशी बसून होती, त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत.

"आई, दोन घास खाऊन ये. मी बसते ना बाबांजवळ," लेक म्हणाली.

तिने मान वळवली नाही.

 

"नजर नाही हटवली गं मी. पण होडी वळवता येते ती फक्त ह्यांना."