शहाण्णव अंश

पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चौऱ्याण्णववर गेला आणि पडद्यावरचा शत्रू अडखळत चालायला लागला. अडखळत तो नव्हता, लॅपटॉप होता. नव्वदच्या पुढे तो जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करी, आणि शंभरला सरळ बंद पडे. ऑनलाइन गेमच्या अंतिम सामन्याची एकच फेरी उरली होती. ती जिंकली तर प्राजक्ताचा पाच जणांचा संघ राज्य स्पर्धेसाठी पुण्याला जाणार होता. समोरचा संघ शहरातला. त्यांच्यातल्या एकाने मघाशीच लिहून पाठवलं होतं, "काय गं, गावातली लाइट गेली का?"

"माय, जोरानं!" प्राजक्ता म्हणाली.

मैनाबाईंनी पदर खोचला आणि धान्य पाखडायचं सूप दोन्ही हातांनी लॅपटॉपमागे हलवायला घेतलं. कूलर बंद होता. मे महिन्यात दुपारी चांदूर रेल्वेच्या पुढच्या या गावात व्होल्टेज इतकं उतरे, की कूलर लावला तर चार्जर दम सोडी. दोन्हींपैकी एकच चालणार होतं.

"पण गरम हवेनं थंड कसं होईन वो पोरी?"

"बाहेर चव्वेचाळीस हाये, याच्या पोटात चौऱ्याण्णव. त्याले हे लू म्हणजे गारवाच हाय. फकत हवा चालत राह्यली पायजे. मागच्या खिडकीतून आत, दारातून बाहेर."

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. उपांत्य सामन्यापर्यंत ती कापसाच्या खोलीत बसून खेळली होती. भाव येईल म्हणून वडिलांनी, खुशालरावांनी, घरातच ठेवलेला कापूस तिथे छतापर्यंत रचला होता, आणि त्या भिंतीआड खोली घरात सगळ्यात थंड राही. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीने थर्मामीटर लावून जागा निवडली होती. कापसाचे उडणारे बारीक तंतू मात्र थर्मामीटरला दिसत नाहीत. लॅपटॉपच्या पंख्याने ते तीन दिवस ओढले आणि उपांत्य सामना संपता संपता तो गुदमरला. सामना कसाबसा जिंकला. नंतर तिने मागचं झाकण उघडलं, तर जाळीवर पांढरा गालिचा बसलेला. मैनाबाईंनी तो अलगद काढून घेतला आणि मांडीवर वळून त्याची वात केली. "चांगली लांब धाग्याची हाय," म्हणाल्या.

म्हणून आज माजघर. खाली दोन विटा, मागे खिडकी, समोर उघडं दार. प्राजक्ताने एक कान हेडफोनमधून मोकळा ठेवला होता, आईसाठी.

त्या कानात नत्थुजींचा आवाज आला. नत्थुजी ग्रामपंचायतीचे शिपाई. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे साहेब शेतकऱ्यांच्या अडचणी विचारायला आले होते. गुलाबी बोंडअळीच्या सालानंतर गावात अशा गाड्या वरचेवर येत. ओसरीवर नत्थुजी दबक्या आवाजात खुशालरावांना सांगत होते, "जरा चेहरा पाडून बसा ना भाऊ. साहेब लिहून घेऊन राहिले."

"माहा चेहरा उपजतच असा हाय," खुशालराव म्हणाले. "आनखी पाडला तं उचलाले मानूस लागन."

साहेब हसले नाहीत. त्यांना घरातल्या बायकांशीही बोलायचं होतं. ते उठून माजघराच्या दाराशी आले आणि चौकटीत थांबले. त्यांच्या मागे नत्थुजी.

आत एक तरुण मुलगी घामाने निथळत ओरडत होती, "डावीकडून या! सोडू नका त्याले, मारा!" आणि तिची आई तिच्यामागे बसून सूप हलवत होती. सुपात दाणा नव्हता.

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, हे असं किती दिवसांपासून आहे?"

"चार दिवस झाले."

साहेबांनी लिहून घेतलं. "रात्री झोप लागते हिला?"

"ढाराढूर."

पंच्याण्णव. शहाण्णव. प्राजक्ताला कळेना. आईचा हात थांबला नव्हता, पंखा साफ होता, तरी आकडा चढत होता. चित्र तुटायला लागलं. तिच्या संघातले तिघे पडले, उरले दोघे. समोर तिघे. "लाइट, लाइट," पुन्हा कोणीतरी लिहिलं. सत्त्याण्णव.

"घाबरू नका काकू," साहेब म्हणाले. "मोकळेपणाने सांगा. आम्ही मदतीसाठीच आलो आहोत. काय त्रास आहे तुम्हाला?"

मैनाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. साहेबांकडे पाहिलं, नत्थुजींकडे पाहिलं, त्यांच्या अंगांनी गच्च भरलेल्या दाराकडे पाहिलं. सूप मात्र थांबवलं नाही.

"तरास? तुमी दारात उभे राह्यले, हाच तरास. माह्या पोरीची हवा अडून राह्यली. मदत कराची हाय ना? मंग व्हा बाजूले."

साहेबांचा पेन हवेतच राहिला. नत्थुजी आधी सरकले. मग साहेब एक पाऊल मागे गेले, आणि मग आणखी एक.

खिडकीतून शिरलेली लू माजघर ओलांडून सरळ अंगणात गेली. शहाण्णव. त्र्याण्णव. एकोणनव्वद. पडद्यावरचा शत्रू सरळ चालायला लागला, आणि प्राजक्ताने त्याला सरळ चालतानाच टिपलं. मग दुसऱ्याला. तिसरा भिंतीआडून बाहेर आला तेव्हा ती तिथे आधीच उभी होती.

त्या साली त्या घरापर्यंत बाहेरून पोचलेली मदत तेवढीच, दोन पावलांची. ती पुरली.